मुलीला टाइप १ डायबेटिस आहे. जर्मनीला शिकायला पाठवताना विम्याच्या फॉर्मवर लिहावं का?

भाऊ, मुलगी २२ वर्षांची, दहाव्या वर्षापासून इन्सुलिनवर, आणि एजंट म्हणतो ‘आजार नाही’ लिहून टाका. लिहू नका. मी यावलचा. मला अकराव्या वर्षी टाइप १ निघाला, सात वर्षांपासून जर्मनीत आहे.

आपल्याकडे लग्न जुळेपर्यंत पोरीची शुगर दडवतात. विम्यात ती सवय घात करते. खाजगी कंपनीला खोटं कळलं की ती दावा नाकारते, करारही मोडू शकते. आणि दडवायची गरजच नाही. तिथल्या सार्वजनिक विम्याला, म्हणजे एओके, टेक्निकर, बार्मर अशा क्रांकेनकासेंना, डायबेटिस आहे म्हणून कुणाला नाकारता येत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा हप्ता महिन्याला साधारण दीडशे युरो, धडधाकट मुलाला तेवढाच. त्यात डॉक्टर, इन्सुलिन, शुगर तपासायच्या पट्ट्या येतात, डॉक्टरांनी लिहून दिला तर दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सरही. औषधामागे आपण किमतीच्या १० टक्के भरायचे, पण ५ युरोपेक्षा कमी नाही आणि १० पेक्षा जास्त नाही. एजंट स्वस्त खाजगी पॉलिसी दाखवेल. ती घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट मागितली, तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. हे तिला दोनदा सांगा.

खरा धोका आहे तो मधल्या काळाचा. युनिव्हर्सिटीआधी नुसता भाषेचा कोर्स असेल, तर विद्यार्थ्याचा सार्वजनिक विमा सहसा मिळत नाही. प्रवासी पॉलिसीवर भागवावं लागतं आणि तिच्यात जुना आजार बहुतेक वगळलेला असतो. माझं तसंच झालं. ताप, उलट्या, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारं आम्ल) वाढले, दोन रात्री दवाखान्यात. कंपनीनं ‘जुना आजार’ म्हणून बिल परत पाठवलं. त्या वर्षी केळीचा माल विकून आलेले पैसे बाबांनी तिकडे पाठवले. ते अजून माझ्या मनाला लागतं. म्हणून शक्य असेल तर तिला थेट सेमिस्टर सुरू होताना पाठवा, आणि पॉलिसीतला वगळलेल्या आजारांचा भाग स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

सोबत तीन महिन्यांचं इन्सुलिन आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र द्या. तिकडे डायबेटिसच्या डॉक्टरांची पहिली वेळ मिळायला आठवडे जातात. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा; विमानाच्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं वापरायचं नाही. आपण मे महिन्यात माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवून उन्हापासून जपतो, तिकडे थंडीपासून जपायचं.

अजून एक. ती बाटली आणि सिरिंज वापरत असेल तर नीट ऐका. आपल्याकडच्या बाटलीत बहुधा एका मिलीला ४० युनिट असतात, तिकडे बहुतेक १००. इथली लाल टोपीची, म्हणजे ४० ची सिरिंज तिथल्या १०० च्या इन्सुलिनला लावली, तर १० च्या खुणेला २५ युनिट अंगात जातील. जायच्या आधीच तिला इन्सुलिनच्या पेनवर आणा, आणि डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.