ऐरोलीतली बारा जणांची पोकर टूर्नामेंट: वेळेत कशी संपवाल

तुमचा बेत असा: रविवारी पाच ते नऊ सोसायटीचं क्लबहाउस, बारा मित्र, ३०० चिप्सचा एक सेट, चार रंगांच्या ७५-७५. निम्मे जण आजवर फक्त तीन पत्ती खेळलेले, निम्मे अॅपवर टेक्सास होल्डम (पोकरचा एक प्रकार) शिकलेले. चिप्स किती वाटायच्या, वेळेत संपेल का आणि प्रत्येकी पाचशे रुपये काढावेत का, हे तुमचे प्रश्न. ठाण्यात नौपाड्यात आमच्या घरी हा उद्योग सात वर्षं चाललाय, त्यावरून लिहितो.

पैशांचं आधी उरकतो. काढू नका. राज्यात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतो की नाही यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बसत नाही असंच म्हटलं. सेक्रेटरीच्या परवानगीने घेतलेल्या हॉलमध्ये हा वाद कशाला अंगावर घ्यायचा? आमच्याकडे स्टीलचं एक पातेलं आहे. जिंकणाऱ्याने ते घरी न्यायचं आणि भांड्यांच्या दुकानात त्यावर आपलं नाव घालून पुढच्या वर्षी परत आणायचं. पैसे नसले की दोघं-तिघं पहिल्याच डावात ऑल-इन करून, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावून, मोकळे होतात, हे खरं. त्यावर उपाय एकच: जो आधी बाद होईल त्याने उरलेली संध्याकाळ पत्ते वाटायचे.

आता हिशोब. प्रत्येकाला ५,००० द्या: २५च्या चार, १००च्या चार, ५००च्या पाच, १०००च्या दोन. माणशी १५ चिप्स, म्हणजे १८० लागल्या, उरलेल्या सुट्ट्यांसाठी. टेबलावर एकूण ६०,००० आले. दर डावाआधी दोघांना सक्तीची रक्कम लावावी लागते, एकाला लहान आणि एकाला मोठी; त्यातली मोठी म्हणजे बिग ब्लाइंड. तो टेबलावरच्या एकूण रकमेच्या साधारण विसाव्या भागापर्यंत, म्हणजे ३,०००पर्यंत चढला की खेळ आपोआप संपत येतो. म्हणून सुरुवात २५/५०ने (लहान/बिग ब्लाइंड) करा, मग ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१,२००, ८००/१,६००, १,०००/२,००० आणि शेवटी १,५००/३,०००. बारा पायऱ्या, पंधरा-पंधरा मिनिटांच्या: तीन तास. सहाव्या पायरीपासून २५च्या चिप्स लागत नाहीत, त्या गोळा करून १००च्या द्या. फोनवर टायमर लावून तो सगळ्यांना दिसेल असा ठेवा. ‘हा डाव होऊ दे, मग वाढवू’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. पहिल्या वर्षी आम्ही ऐकलं आणि घणसोली, कोपरखैरण्याची मंडळी शेवटची लोकल चुकवून आमच्याच हॉलमध्ये झोपली.

सहा-सहांची दोन टेबलं करा. एकावर दोन माणसं जास्त झाली की एकाला हलवा, आणि नऊ उरले की टेबलं एकत्र.

तीन पत्तीवाल्यांना मात्र आधी दहा मिनिटं शिकवणी हवीच. त्यांच्यासाठी ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. इथे ती डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते येण्याआधीच लावायची सक्तीची रक्कम. त्याहून मोठा घोळ क्रमाचा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीचे पत्ते) कलरला (एकाच चिन्हाचे पत्ते) हरवते आणि ट्रेल (एकाच किमतीचे तीन पत्ते) सगळ्यांच्या डोक्यावर. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर, आणि ट्रेल दोन्हींच्या खाली. कारण निव्वळ मोजणीचं आहे. तीन पत्त्यांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ जमतात, तर पोकरच्या पाच पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते वर. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही टेबलांवर चिकटवा.

अॅपवाले मला जास्त छळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आल्यापासून आमच्याकडे त्यांची गर्दी वाढलीय. खेळतात छान, पण पाळी कुणाची, किती घालायचे, पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, कसा वाटायचा, हे त्यांना कधी बघावंच लागलेलं नाही. तिसऱ्या वर्षी एकाने ८००चं ऑल-इन केलं, दुसऱ्या दोघांनी २,०००-२,००० लावले. ८००वाला जिंकला आणि त्याने अख्खे ४,८०० ओढले! खरं म्हणजे त्याचे २,४००च: तिघांचे आठ-आठशे. उरलेल्या दोघांच्या बाराशे-बाराशेंचा साइड पॉट वेगळा, तो त्या दोघांपैकी ज्याचे पत्ते वरचढ त्याचा. भांडण स्टेशनपर्यंत गेलं. तेव्हापासून आमच्यात एक जण खेळतच नाही. घड्याळ, साइड पॉट आणि शेवटचा शब्द त्याचा. तुमच्याकडे बारा आहेत ना, मग अकराच खेळवा आणि तो बारावा तुम्ही व्हा. अकरा जणांचे ५५,००० होतात, पायऱ्या याच चालतील.

पत्ते प्लॅस्टिकचे घ्या, प्रत्येक टेबलाला दोन कॅट, म्हणजे एक वाटताना दुसरा पिसून होतो. आणि मिसळ फक्त ब्रेकमध्ये. तर्री लागलेला पत्ता मागून ओळखू येतो. आमच्या एका कॅटमधला बदामचा एक्का तसाच झालाय आणि तो कॅट अजूनही माझा मेव्हणाच आग्रहाने काढतो.