दाजीपूरची शीळ आणि खवले मांजर

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघं दाजीपूरला मुक्कामाला होतो, पहाटे ओढ्याकडनं कुणीतरी पोरगं शीळ घालतंय असं वाटलं म्हणून बाहेर आलो तर माणूसच नाही, गाईड म्हणाला शीळकरी कस्तूर आहे. खवले मांजर पण आहे इथं म्हणाला, पण लै कमी राहिलंय. येताना गाडीत वाद झाला, रोज शीळ घालून आपला पत्ता सांगणारा पक्षी टिकून आणि रात्री गुपचूप फिरणारं जनावर धोक्यात, हे उलटं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पत्ता कळला तरी कस्तुराला न्यायला सहसा कुणी येत नाही हो, फरक तिथंच आहे. घरटं ओढ्याकाठच्या कपारीत, अंडी दोन ते चार, म्हणजे नुकसान भरून निघतं. ओढा आणि सावली राहिली पाहिजे एवढंच.

खवले मांजराला सहसा वर्षाला एकच पिल्लू, ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. दात नाहीत, लांब जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातं. घाबरलं की अंगाचा गोळा करतं, मग बिबट्यालाही सहजी उघडत नाही, पण माणूस तोच गोळा उचलून पोत्यात टाकतो, धावायला नको की बंदूक नको. आणि हे सगळं खवल्यांसाठी, जे आपल्या नखांसारखे केराटिनचे असतात, त्यात औषध काडीचं नाही! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी ठरली, तरी चोरटी शिकार थांबलेली नाही.

मी एकदाच बघितलंय, वनखात्यानं सोडवून आणलेलं. पोत्यातनं काढलं तरी गच्च गोळाच, जवळ गेलं की आतनं नुसता फुस्स फुस्स आवाज, खवल्यांच्या फटीत लाल माती अडकलेली. बघून पोटात कालवलं.

तुमच्या रानात बीळ किंवा जनावर दिसलं तर फोटो लोकेशनसकट ग्रुपवर टाकू नका, कृपा करून, सरळ वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. पोरांनाही सांगून ठेवा.

त्या जनावराला रात्री जंगलात सोडलं तेव्हा आम्ही टॉर्च बंद करून लांब बसलो होतो, नाक बाहेर काढायलाच त्याला पाऊण तास लागला.