लष्कराला लष्कराचंच काम करू दे

प्रिय मुली,

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी निघाली, मनापासून अभिनंदन. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीच्या तयारीसाठी लिहून पाठवलेला निबंध वाचला. भाषा खणखणीत आहे. पण 'दहा वर्षं देश लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील' हे वाक्य खटकलं. तसं ते तुझं एकटीचं नाही. लोकलमध्ये, पारावर, लग्नाच्या पंगतीत रोज कानावर पडतं.

मुंबईतला एल्फिन्स्टन रोडचा पूल आठव. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. नवा पूल बांधायला बोलावलं कुणाला, तर लष्कराला. बॉम्बे सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाने काम हाती घेतलं आणि फेब्रुवारी २०१८ संपायच्या आत पूल खुला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजवाव्यातच. पण सॅपर शिकतो ते शत्रूच्या माऱ्याखाली नदीवर पूल टाकायला, पेरलेले सुरुंग काढायला. प्रवाशांसाठी पूल बांधणं हे रेल्वेचं रोजचं काम. ते वेळेत का झालं नाही, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात कुठल्या कुठे गेला. किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट निराळी. तिथे जवान आले, ढिगारे उपसले, काम झाल्यावर परत गेले. संकटात हाक मारणं वेगळं आणि कुणाची तरी हलगर्जी झाकायला वर्दी पुढे करणं वेगळं.

शेजारी पाकिस्तानात बघ. १९५८ मध्ये लष्करप्रमुख अयूब खान देशाची घडी बसवतो म्हणूनच आले. तेव्हापासून तिथलं लष्कर कारभारात असं गुंतलं, की फौजी फाउंडेशन ही लष्कराशी जोडलेली संस्था आज खत आणि सिमेंटच नाही, सकाळच्या न्याहारीचं सीरिअलसुद्धा विकतं. आणि सुरक्षा? १९७१ मध्ये गादीवर जनरल बसलेला असतानाच त्यांचा निम्म्याहून जास्त लोकसंख्येचा भाग तुटून बांगलादेश झाला.

आपल्याकडे उलटं दुखणं झालं. १९६२ मध्ये कुठली चौकी कुठे लावायची आणि कुठली सोडायची नाही, हेसुद्धा दिल्लीत ठरत होतं. चीनकडून झालेल्या त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे तू लिहिलंयस; सगळेच लिहितात. त्यांनी तिथे केलं काय, ते मात्र कुणी लिहीत नाही. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसले. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. विमानं वापरायची म्हणजे युद्ध वाढणार, म्हणून तो निर्णय मंत्र्याचा. चव्हाणांनी तो काही मिनिटांत दिला. कुठली विमानं, किती, कुठून, यात ते पडले नाहीत. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. पहिल्याच संध्याकाळी आपली जुनाट व्हॅम्पायर विमानं पडली, तरी कुणी दिल्लीतून लढाई चालवायला बसलं नाही. निर्णय मंत्र्याचा, लढाई लष्कराची; माझ्या मते चव्हाणांचं खरं मोठेपण या रेषेत आहे, घोषणेत नाही.

उद्या अधिकारी झालीस तर याच रेषेच्या अलीकडे उभं राहायचंय. सरकार चुकतंय असं वाटेल, कधी ते खरंही असेल. तेव्हा बंद दाराआड स्पष्ट सांगायचं, आणि निर्णय झाला की पाळायचा.

मार्च २०१८ मधला संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल सोबत पाठवतोय. लष्कराच्या उपप्रमुखांनी खासदारांपुढे सांगितलं, की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट गटात मोडते. समितीचे अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी, स्वतः निवृत्त मेजर जनरल आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार. तरी त्यांनी ते अहवालात छापलं. निबंध पुन्हा लिहायच्या आधी तेवढी पानं वाच. इंग्रजी जड आहे, अडलं तर रविवारी फोन कर.

तुझे,
सर