गावठाणात घरामागे पंधरा-वीस कोंबड्या पाळायला ग्रामपंचायतीचा परवाना लागतो का?

नाही लागत. घरच्या पंधरा-वीस गावरान कोंबड्यांसाठी राज्याच्या कुठल्या कायद्यात परवाना नाही. ग्रामपंचायतीचाही नाही, तहसीलचाही नाही आणि पशुसंवर्धन खात्याचाही नाही. फक्त तुमच्या ग्रामसभेनं स्वच्छतेबाबत काही ठराव घेतला आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन ठराववहीत एकदा पाहून घ्या.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले, घर गावठाणात, मागे सांदवाडी म्हणजे परस आहे, आणि शेजारचे काकाजी म्हणतात, ‘परवाना दाखव, नाही तर तक्रार करतो.’ मी याच पट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि कोंबड्यांवरून लागलेली भांडणं भरपूर पाहिली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

काकाजींच्या कानावर बहुतेक मोठ्या पोल्ट्रीचे नियम आले असावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत लहान पोल्ट्रीची मोजणीच 5,000 पक्ष्यांपासून सुरू होते. तिथून पुढे प्रदूषण मंडळाची संमती, वस्तीपासून 500 मीटर अंतर, नदी-तलावापासून 100 मीटर अंतर हे सगळं येतं. खुराड्यातल्या वीस कोंबड्यांना ते लागू नाही.

बांधकामाचं मात्र वेगळं आहे. लाकडी खुराडा, डालगं, जाळीचा आडोसा याला कोणी हटकत नाही. पण विटा-सिमेंटचं किंवा पत्र्याचं पक्कं शेड उभारणार असाल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 खाली पंचायतीची परवानगी घ्यावी लागते. तेच शेड रस्त्यावर किंवा गावाच्या मोकळ्या जागेत सरकलं तर कलम 53 नुसार पंचायत ते काढून टाकू शकते. आधी आपली जागा नमुना 8 वर, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, किती आहे ते बघा. आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक भानगड आहे. घराला लागून पडीत दिसणारा तुकडा पुष्कळदा सरकारी नोंदीत झुडपी जंगल निघतो, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे, असा निकाल दिला. तिथे खुराडाही सरकवू नका. घरातलं कोणी पंचायतीत सदस्य असेल तर दुप्पट जपा, सरकारी जागेवरच्या अतिक्रमणापायी सदस्यपद जातं.

आता तक्रारीचं. एकट्या शेजाऱ्याला कोंबडा आरवल्याचा त्रास होतो, एवढ्यानं सार्वजनिक उपद्रव ठरत नाही. आजूबाजूला राहणाऱ्या सगळ्यांनाच घाण, माश्या, दुर्गंधी यांचा जाच व्हायला हवा. तसा तो असला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली दंड होतो आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकारी ‘हे बंद करा’ असा आदेश काढू शकतात. म्हणून विष्ठेचा ढीग काकाजींच्या भिंतीला लागून कधीच घालू नका. खुराड्यात धानाचा तूस टाका, ओला झाला की बदला, वर चुना भुरभुरा. निघालेलं खत सरळ शेतातल्या खड्ड्यात न्या. वास थांबला की बहुतेक तक्रारी तिथेच विरतात, हे मी गावोगावी पाहिलंय.

खरं भांडण पेटतं ते उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखात शेजारणीनं खाटेवर कुरडया, सरगुंडे वाळत घातलेले असतात, आणि तुमची तलंग (तरुण कोंबडी) त्यावर चढून पायानं उकरते. दोन दिवसांच्या मेहनतीची माती होते. अशा कोंबडीला कोंडवाड्यात घालता येत नाही, कारण 1871 च्या गुरांच्या अतिक्रमण कायद्यात गाय-म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर, इतकंच काय उंट आणि हत्तीही आहेत, कोंबडी नाही. मग लोक दगड मारतात, कोंबडी लंगडी होते आणि प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे जातं. एका गावात समितीनं काढलेला तोडगा मला फार पटला. वाळवणाचे दोन महिने कोंबड्या दुपारी चारनंतरच सोडायच्या आणि झालेल्या नुकसानीचं पीठ भरून द्यायचं. दोन्ही घरांनी ते पाळलं. तुम्ही हे आधीच स्वतःहून सांगून टाका.

ज्या नियमाबद्दल कोणी विचारत नाही, तो सगळ्यात कडक आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, रोगाची शंका आली की मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला. हे मालकावर बंधनकारक आहे, मग कोंबडी एक असो की हजार. बर्ड फ्लू त्या यादीत आहे, आणि आपली मानमोडी, म्हणजे राणीखेतही आहे. मान पिळवटलेली, हिरवी-पांढरी हगवण, चोच उघडी टाकून धाप, पंख गळालेले, असं दिसलं आणि पाठोपाठ दोन-तीन मेल्या, तर लगेच दवाखाना गाठा. आपल्याकडे होतं उलटंच. उरलेल्या कोंबड्या त्याच दिवशी आठवडी बाजारात विकतात, मेलेल्या नाल्यात फेकतात. बाजारातून रोग दहा गावांत जातो. रोगानं मेलेलं जनावर पाण्यात टाकणं हा त्याच कायद्यात गुन्हा आहे. तीन-चार फूट खड्डा खणा, चुना टाका, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

कळवलं तर सरकारी माणसं येऊन सगळ्या कोंबड्या मारतील, ही भीती मला दर गावात ऐकायला मिळाली. बर्ड फ्लू नक्की झाला तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, हे खरं. पण सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच रोगानं मेलेल्यांची मिळत नाही. उशीर केला तर नुकसान तुमचंच. आणि हे लांबचं राहिलेलं नाही. डिसेंबर 2024 च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं दगावले, त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्यांत तो सापडला. मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, मुलांना तर जवळही जाऊ देऊ नका.

दोन छोट्या गोष्टी. रानकोंबडी, तितर, लावा हे 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, त्यांची पिल्लं कोणी आणून दिली तरी खुराड्यात ठेवू नका. आणि अशील कोंबडा पाळायला मनाई नाही, पण कोंबडबाजारात झुंजीला नेला तर 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याचा गुन्हा होतो. वाचणाऱ्यांपैकी कोणी तालुक्याच्या ठिकाणी राहत असेल, तर तिथे आता ग्रामपंचायत नसून नगरपंचायत किंवा नगरपरिषद आहे. तिचा कायदा 1965 चा, उपविधी वेगळे, त्यामुळे तिथल्या लोकांनी आरोग्य विभागात लेखी विचारावं.

तुमच्यासाठी शेवटचं काम लसीचं. मानमोडीची लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, महिन्यानं परत देतात, आणि दोन महिन्यांच्या सुमारास मानमोडीचीच आर-टू-बी ही लस टोचतात. कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वीस कोंबड्यांसाठी ती फोडायला दवाखाना कचरतो. गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एका संध्याकाळी डालग्यांत कोंडून ठेवा, काकाजींच्या असतील तर त्याही. दवाखान्यात दोन दिवस आधी सांगा, म्हणजे ते लस बर्फात घेऊन येतील.