दहा हजार पावलं राहू द्या, आधी दहा मिनिटं

ताई, वयस्कर मंडळींना चालण्याचा व्यायाम शिकवायला घेताय, तर पहिल्याच दिवशी ‘रोज दहा हजार पावलं’ सांगू नका. मी सांगितली होती. यंत्रमागावर उभ्यानं आयुष्य काढलेले एक काका पुन्हा फिरकलेच नाहीत.

आधी विचारा, काय जमायला हवंय? एका मावशींना सिद्धेश्वराच्या दर्शनाला वाटेत न टेकता जायचं होतं. तेच ध्येय धरलं. सुरुवात दहा मिनिटांची. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटं हे पुढचं, सावकाश.

नवखे शिकवणारे हमखास चुकतात त्या गोष्टी:
- नुसतं चालवतात, तोल विसरतात. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठबस करून घ्या; जमेल तसा हातांचा आधार कमी.
- ढिल्या चपला खपवून घेतात.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना उपाशीपोटी नेतात.
- एप्रिल-मेमध्ये आठ वाजता निघतात. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, सहालाच निघा.

छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. वजनं, रबरी पट्टे नंतर बघू.

आणि कुणी दोन दिवस आलं नाही तर हजेरी घेऊ नका. फोन करून गुडघा कसाय, एवढंच विचारा.