आजोबांनी इटलीहून आणलेल्या बाहुलीचा पोशाख नेमका कुठला, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की माळ्यावरच्या ट्रंकेत वीतभर उंचीची कापडी बाहुली सापडली, लेबल गेलंय, डोक्यावर पिवळा रुमाल आहे, आणि ती पुसून शोकेसमध्ये ठेवायचा विचार आहे. आधी एक विनंती: ओलं फडकं अजिबात लावू नका. कारण खाली सांगते.

मी तीन वर्षं इटलीतल्या तोरिनोत (म्हणजे ट्युरिन शहरात) राहिले. तिथल्या बालोनच्या जुन्या बाजारात दर शनिवारी अशा बाहुल्या बघत फिरायचे. तिथे एक गोष्ट पक्की कळली. चेहरे सगळ्यांचे सारखेच असतात, गाव कळतं ते डोक्यावरून. पांढऱ्या कापडाची चौकोनी घडी डोक्यावर सपाट ठेवलेली, गळ्यात पोवळ्यांची माळ आणि पोटरीपर्यंत गुंडाळलेल्या चामड्याच्या पट्ट्या असतील, तर ती रोमच्या दक्षिणेकडच्या चोचारियाची. त्या पायताणांना ‘चोचे’ म्हणतात, प्रदेशाचं नाव त्यावरूनच पडलं. एकोणिसाव्या शतकात रोम आणि पॅरिसमधल्या चित्रकारांपुढे याच भागातल्या बायका मॉडेल म्हणून बसत, त्यामुळे ‘इटालियन शेतकरीण’ म्हटलं की हाच वेश डोळ्यांपुढे येतो.

तुमचा पिवळा रुमाल मात्र मला सार्डिनियाकडे नेतो. तिथे ओर्गोसोलो नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथल्या बायकांच्या रेशमी रुमालाला ‘सु लिओन्झू’ म्हणतात. रेशीमकिडे गावातच पाळायचे, सूत गावातच काढायचं, विणायचं आणि केशरात रंगवायचं. हे काम येणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बाहुलीचा रुमाल बहुधा साध्या कापडाचाच असेल, पण तो कपाळावरून येऊन गालांना लपेटत हनुवटीखाली जातो का, ते बघा. घागरा जाड लोकरीचा, गडद तपकिरी आणि पुढचं एप्रन भरतकामाचं असेल, तर माझा अंदाज बळावतो. सार्डिनियात गाव बदललं की वेश बदलतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. नुओरो शहरात या वेशांचं मोठं संग्रहालय आहे, त्यांचे फोटो ताडून बघा.

चेहरा फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा असेल तर त्याचं मूळ तोरिनोत आहे. १९१९ साली एलेना कोनिग स्काविनी आणि तिचा नवरा एन्रिको यांनी तिथे ‘लेंची’ ही बाहुल्यांची कंपनी काढली. फेल्ट साच्यात दाबून अख्खा चेहरा एकाही शिवणीशिवाय उठवायचा आणि मग हाताने रंगवायचा, ही त्यांची खासियत. त्यांच्या बाहुल्यांचे डोळे बाजूला बघणारे असत. तुमच्या बाहुलीच्या हाताची मधली दोन बोटं एकत्र शिवलेली दिसतात का, पायाच्या तळव्यावर शिक्का आहे का, हे भिंगातून तपासा. नसेल तरी हिरमुसू नका. लेंचीचं बघून इतरांनीही पर्यटकांसाठी अशा खूप बाहुल्या केल्या, आणि त्यांतल्या काहींची शिलाई इतकी नेटकी असते की बघत राहावं.

आता ते ओलं फडकं. बालोनमधून आणलेल्या माझ्या पहिल्या बाहुलीचा गाल मी ओलसर कापसाने पुसला. गालावरचा गुलाबी रंग कापसावर आला आणि फेल्टवर लव उठली. ती अजून तशीच आहे, बघितलं की आतून तुटतं. धूळ काढायची तर मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घ्या आणि वरून खाली हलकेच फिरवा.

खरा शत्रू कसर. लोकरीत बारीक भोकं किंवा भुसा दिसला तर बाहुली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरेल. शोकेस उन्हात नको, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

रुमाल, एप्रन आणि पायांचे जवळून काढलेले फोटो इथे टाका. गावापर्यंत पोचता येतं का, मी नक्की बघते.