ग्लोरिया एस्तेफानचा ‘मी तिएरा’ खरा क्यूबन म्हणायचा का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ‘ब्वेना विस्ता सोशल क्लब’ हा क्यूबातल्या जुन्या गायक-वादकांचा अल्बम ऐकून तुम्हाला क्यूबाच्या संगीताची गोडी लागली. मग ग्लोरिया एस्तेफानचा ‘मी तिएरा’ हाती आला, तोही आवडला. पण तुमचे मित्र म्हणाले की ही मायामीची पॉप गायिका, देश सोडला तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती, अल्बममधली गाणीसुद्धा जुनी नाहीत, म्हणजे हे सगळं बाजारासाठी केलेलं. तर हा अल्बम खरा मानायचा का, आणि स्पॅनिश येत नसेल तर तो ऐकायचा कसा?

खरा आहे. मनापासून सांगते.

मी सहा वर्षं मायामीला लागून असलेल्या हायलियामध्ये भाड्याने राहिले. तिथे दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये स्पॅनिशच कानावर पडतं आणि त्यातलं बहुतेक क्यूबन. आमच्या घरमालकीणबाई क्यूबातल्या कामागुएच्या, साठच्या दशकात इकडे आलेल्या. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे आणि त्या मला ‘मिहा’, म्हणजे ‘माझ्या पोरी’. रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी व्हायची. शेगडीवरच्या भांड्यातून कॉफीचे पहिले थेंब आले की ते साखरेवर ओतायचे आणि चमच्याने फेटत राहायचं, साखर पांढरट होऊन फुगेपर्यंत. मग उरलेली कॉफी त्यावर. त्या फेसाला ‘एस्पुमिता’ म्हणतात. फेटताना बाईंचा चमचा पेल्याच्या काठावर एका ठरावीक चालीत वाजायचा. तो ताल होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याबद्दल शेवटी लिहिते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी नावाबद्दल. आपण ‘मी तिएरा’ वाचतो तेव्हा ‘मी’ आपल्या ‘मी’सारखा वाटतो. स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे ‘माझा’ किंवा ‘माझी’. आणि ‘तिएरा’ म्हणजे माती, जमीन, गाव, देश, सगळं एकाच शब्दात. ‘माझी माती’ म्हटलं तर अर्थ बराचसा येतो.

आता तुमच्या मित्रांचा पहिला मुद्दा. ग्लोरियाचा जन्म १९५७ चा, हवानाचा. कास्त्रोंच्या क्रांतीनंतर कुटुंब मायामीला आलं तेव्हा ती दोन वर्षांची होती हे बरोबर आहे. पण त्या घरात पुढे काय झालं तेही बघा. वडील क्रांतीआधीचा हुकूमशहा बतिस्ता याच्या काळातले सैनिक. १९६१ मध्ये कास्त्रोंविरुद्धच्या बे ऑफ पिग्जच्या मोहिमेत ते उतरले, पकडले गेले आणि दीडएक वर्ष क्यूबाच्या तुरुंगात राहिले. सुटून आल्यावर अमेरिकी सैन्यात गेले, व्हिएतनामला जाऊन आले आणि मग अंथरुणाला खिळले. आई नोकरी करायची आणि आजारी वडिलांचं सगळं ही शाळकरी मुलगी बघायची. खोलीचं दार लावून गिटारवर गाणं म्हणणं एवढाच तिचा विसावा होता. अशा घरात क्यूबा हा भूगोलाच्या पुस्तकातला देश नसतो. जेवणात असतो, भांडणात असतो, आणि रेडिओवर एखादं जुनं बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, लागलं की मोठी माणसं बोलायची थांबतात त्यातही असतो.

मीही एकदा सेन्योरांना हेच विचारलं होतं, की दोन वर्षांच्या मुलीला काय आठवणार? त्या म्हणाल्या, “मिहा, तिला आठवत नाही. तिला सांगितलेलं आहे. आम्ही घरात दुसरं बोलत तरी काय होतो?”

दुसरा मुद्दा, गाणी जुनी नाहीत. खरं आहे. ‘मी तिएरा’ १९९३ मध्ये आला आणि त्यातली बाराही गाणी नवी आहेत. १९३० ते १९५० च्या दशकांत हवानात जे वाजत होतं त्या धाटणीत ती मुद्दाम बांधलेली आहेत. बोलेरो आहेत, सोन म्हणजे क्यूबाचं ठेक्यावर नाचायचं गाणं आहे, डान्झोन या जुन्या नाचाची चाल आहे. त्याहून गंमत म्हणजे ज्या गाण्यावरून अल्बमला नाव मिळालं, ज्यात मातीपासून तुटल्याचं दुःख आहे, ते लिहिलंय एस्तेफानो नावाच्या कोलंबियन गीतकाराने. मी हे सेन्योरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग त्यानेही घर सोडलं असेल.”

आणि एक गोष्ट तुमच्या मित्रांना जरूर सांगा. ‘ब्वेना विस्ता’चं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘चान चान’. ते ऐकून शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं की नाही? कॉम्पाय सेगुंदो यांनी ते १९८० च्या दशकात रचलं, स्वतः पंचाहत्तरी ओलांडल्यावर. १९९६ मध्ये हवानातल्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं तेव्हा त्याचं वय फार तर पंधरा वर्षं होतं. म्हणून त्याला कोणी खोटं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आपल्याकडे एखाद्याने आज यमनात नवी बंदिश बांधली तर आपण यमन चोख आहे का ते बघतो, बंदिशीचा जन्मदाखला मागत नाही. इथेही तसंच आहे. सोनचा बाज सांभाळलाय का, एवढंच बघायचं.

तो सांभाळायला ग्लोरिया आणि तिचा नवरा, निर्माता एमिलिओ, यांनी कोणाला बोलावलं ते बघा. मला या अल्बममधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

काचाओ. पूर्ण नाव इस्राएल लोपेस, जन्म १९१८, वाद्य डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवतात ते व्हायोलिनचं थोरलं भावंड. १९३८ मध्ये काचाओ आणि त्यांचे थोरले बंधू ओरेस्तेस हवानाच्या एका नामांकित वाद्यवृंदात होते. डान्झोन हा तेव्हाचा शालीन, जरा संथ, अदबीचा नाच. या भावांनी ‘माम्बो’ नावाचा एक डान्झोन केला आणि त्याच्या शेवटच्या भागात लय अशी काही मोकळी सोडली की लोकांना सुरुवातीला त्यावर नाचायचं कसं तेच कळेना. पुढे जगभर माम्बोची लाट आली ती दुसऱ्यांच्या नावावर, पण बी इथलं. हेच काचाओ रात्री नाचगाण्याच्या जलशात आणि एरवी हवानाच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९६२ मध्ये त्यांनी देश सोडला. आणि १९८० च्या दशकात हा माणूस मायामीत लग्नाबारशाच्या कार्यक्रमांना बेस वाजवत होता. समोर जेवणाच्या पंगती चाललेल्या, आणि कोपऱ्यात कोण उभं आहे हे फारसं कोणाला ठाऊक नाही. मला हे वाचल्यावर फार लागलं होतं. ‘मी तिएरा’त काचाओंचा बेस आहे. तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. त्याच सुमाराला अभिनेता अँडी गार्सिया यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, १९९४ मध्ये काचाओंच्या ‘मास्टर सेशन्स’ या अल्बमचा पहिला खंड आला, आणि काचाओंना त्यांचं नाव परत मिळालं.

बाकीचेही असेच. आर्तुरो सान्दोवाल ट्रम्पेटवर. अमेरिकी जॅझवादक डिझी गिलेस्पींबरोबरच्या दौऱ्यात, १९९० मध्ये, त्यांनी क्यूबात परत न जाण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांना घर सोडून तीन वर्षंही झाली नव्हती. सॅक्सोफोनवादक पाकितो द’रिवेरा त्यांच्याआधी दहा वर्षं बाहेर पडलेले. वाद्यवृंदाची रचना मुख्यतः हुआनितो मार्केस यांची. ते क्यूबात साठच्या दशकातच नाव कमावलेले गिटारवादक आणि संगीतकार. टिम्बालेसवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या जोडढोलांवर, तितो पुएंते. ते क्यूबन नव्हेत, न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, पोर्तो रिकोच्या आईवडिलांचे. पण क्यूबाचा ठेका न्यूयॉर्कमध्ये जिवंत ठेवणाऱ्यांत त्यांचा मान पहिला. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वाटांनी घराबाहेर पडलेली ही माणसं एका अल्बममध्ये एकत्र आली आणि नव्वद मैलांवरचं, जिथे परत जाता येत नव्हतं ते गाव त्यांनी वाजवून उभं केलं. याला मी बाजारू म्हणू शकत नाही.

बाजाराचा विचार त्यात नव्हताच, असं मात्र मी म्हणणार नाही. एमिलिओ मुरलेला निर्माता आहे. तंतुवाद्यांसाठी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेतला आहे, आणि एकदोन बोलेरोंत ती व्हायोलिनं मला जरा जास्तच गोड वाटतात. ‘ब्वेना विस्ता’त खोलीची हवा ऐकू येते, खुर्ची कुरकुरल्यासारखी वाटते, इथे सगळं पुसून लख्ख केलेलं आहे. तुमच्या मित्रांना तेच खटकलं असेल तर त्यात चूक काही नाही. पण १९९३ मध्ये ग्लोरिया इंग्रजी पॉपच्या ऐन शिखरावर होती. तीनच वर्षांपूर्वी बसच्या अपघातात पाठीचा मणका मोडून, त्यात धातूच्या सळ्या घालून ती पुन्हा उभी राहिली होती. अशा वेळी आजीआजोबांच्या चालींतला, पूर्ण स्पॅनिश अल्बम काढायचा हा सोपा हिशेब नव्हता. तो चालला, आणि फारच चालला. अमेरिकेत लॅटिन अल्बमची स्वतंत्र क्रमवारी ‘बिलबोर्ड’ या संगीत-साप्ताहिकाने त्याच वर्षी सुरू केली, तिच्यावर पहिल्यांदा पहिला आलेला अल्बम हाच, आणि एकूण ५८ आठवडे तो तिथे होता. ग्रॅमीही मिळालं. पण हे नंतरचं.

क्यूबातल्या कलाकारांविषयी मायामीत त्या काळी फार कटुता होती. सेन्योरांच्या घरी ‘ब्वेना विस्ता’ लावायची सोय नव्हती. ती माणसं तिथे राहिली एवढंच त्यांना पुरेसं होतं. तिकडे क्यूबाच्या सरकारी रेडिओवर वर्षानुवर्षं देश सोडलेल्यांच्या गाण्यांना जागा नव्हती. एकाच गाण्याचे दोन भाऊ, आणि एकमेकांच्या दारात जायची बंदी. १९९७ मध्ये मायामीत एका बाईंना, क्यूबातल्या संगीतकारांना इथे वाजवू द्यावं असं म्हटल्याबद्दल, स्थानिक समितीवरून दूर केलं गेलं. तेव्हा ग्लोरियाने वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यांच्या बोलण्याच्या हक्काची बाजू घेतली आणि आपल्याच लोकांचा राग ओढवून घेतला. तुम्ही दोन्ही अल्बम शेजारी शेजारी ठेवून ऐकताय, हे मला म्हणूनच फार आवडलं.

आता ऐकायचं कसं. शब्दांची काळजी करू नका. ‘कोन लोस आन्योस के मे केदान’ हे बोलेरो पहिलंच आहे. अर्थ ‘मला उरलेल्या वर्षांत’. गाणं प्रेमाचं आहे, पण मला ते ऐकताना दर वेळी तिचा अपघात आठवतो. ‘नो आय माल के पोर ब्येन नो वेंगा’ ही म्हण आहे, आपल्या ‘होतं ते भल्यासाठी’च्या जवळची. एवढ्यावर पुष्कळ भागतं.

खरी किल्ली तालात आहे, आणि त्याचं नावच ‘क्लावे’, म्हणजे किल्ली. हाताच्या वितीएवढे दोन गोल दांडके एकमेकांवर आपटायचे, एवढंच वाद्य. हवानाच्या गोदीत जहाजांच्या फळ्या जोडायला लाकडी खुंट्या असायच्या, त्यांतून हे आलं असं सांगतात. मी लहानपणी सांगलीला तबला शिकले होते, त्यामुळे मला ते असं समजलं: तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा, जरा जलद. टाळी द्या १, ४, ७, ११ आणि १३ वर. झाला क्लावे. पहिल्या आठांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन. काही गाण्यांत उलट, आधी दोन मग तीन. सेन्योरांचा चमचा पेल्यावर हेच वाजवत होता.

हे हातात बसलं की ‘मी तिएरा’ गाणं हेडफोनवर लावा आणि गायिकेला सोडून फक्त बेस ऐका. तबला शिकलेल्या माणसाला तो चक्रावून टाकतो, कारण तो समेवर सहसा येतच नाही. चौथ्या मात्रेला वाजतो, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या. पुढच्या आवर्तनाचा सूर तो सम यायच्या आधीच लावून मोकळा होतो, आणि सम रिकामी जाते. सगळं गाणं सतत पुढे झुकल्यासारखं वाटतं ते यामुळे. गाण्याच्या उत्तरार्धात मोन्तुनो येतो. गायिका एक ओळ टाकते, मागचे सगळे ती झेलतात, भजनात बुवा आणि टाळकरी करतात तसं. तिथे पाय आपोआप हलतो.

त्यानंतर शेवटचं ‘त्रादिसिओन’ ऐका, तालवाद्यांसाठी. मग काचाओंचे ‘मास्टर सेशन्स’. आणि मग पुन्हा ‘चान चान’कडे जा, त्याच टाळ्या देत.

एक अडचण तुम्हाला येईलच, मलाही आली होती. तेराव्या मात्रेच्या टाळीनंतर तीन मात्रा मोकळ्या आहेत, आणि हात तिथे घाई करतो. सेन्योरा तेवढ्या वेळापुरतं माझं मनगट धरून ठेवायच्या. तिथेच, पंधराव्या मात्रेवर, बेस वाजतो. तो ऐकू आला की मग त्या हात सोडायच्या.